खुर्ची विमानाच्या दारापर्यंत

१३ जानेवारी २०२५, भोगीचा दिवस. गॅसवर भाजी रटरटत होती, आई तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या थापत होती आणि मी कानाला फोन लावून विमान कंपनीच्या ग्राहकसेवेचं संगीत ऐकत बसले होते. एकोणीस मिनिटांनी एक मुलगा आला आणि म्हणाला, "मॅडम, व्हीलचेअर चाहिए ना? डाल दिया."

मी विचारलं, "कौनसी?"

पलीकडे शांतता. मग पुन्हा संगीत.

मी इंदूरची. सुदामा नगरात तळमजल्यावर आई आणि मी राहतो, मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. दोन्ही पायांना कॅलिपर, म्हणजे पाय ताठ धरणारा लोखंडी पट्ट्यांचा आधार, आणि काखेत कुबड्या अशी पन्नाशी गाठली. तीन वर्षांपासून खांदे कुरकुरायला लागले. हाडांचे डॉक्टर म्हणाले, जे स्नायू इतकी वर्षं दुप्पट राबले ते आता थकलेत, कुबड्यांवरचा भार कमी करा. म्हणून बॅटरीवर चालणारी घडीची खुर्ची घेतली. त्याआधी पुण्याला जायचं म्हणजे रेल्वेने, रात्रभर. डब्याच्या उंच पायऱ्या, खालून ढकलायला दादा, वरून ओढायला हमाल. ते आता जमेनासं झालं. आणि ९ फेब्रुवारीला दादाच्या मुलाचं लग्न. "आत्या येणार नसेल तर तारीख बदला," असं तो पठ्ठ्या फोनवर म्हणाला, तेव्हा मी विमानाचं मनावर घेतलं. बरोबर आई, वय ७८. गुडघे गेलेले, जिद्द शाबूत.

त्या दिवशीच्या तारखेचं मला मागाहून लक्षात आलं. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण, हावड्याची एक लहान मुलगी, १३ जानेवारी २०११ चाच. म्हणजे आम्ही शेवटच्या बाकावरचे, आमच्यानंतर हा वर्ग बंद. तो बंद झाला हे फार चांगलं झालं, पण कॅलिपर म्हणजे काय हे ठाऊक असलेली माणसंही त्याबरोबर कमी होत चाललीत, हे मला पुढच्या महिनाभरात पदोपदी कळलं.

तर "कौनसी". कंपन्यांच्या संकेतस्थळावर तिकीट काढताना विशेष मदतीचा रकाना असतो. तिथे व्हीलचेअरवर बोट ठेवलं की आत तीन प्रकार निघतात, आणि बरीच माणसं घाईत पहिलाच निवडून मोकळी होतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे जिना चढता येतो, विमानात चालता येतं, फक्त विमानतळावरचं लांब अंतर झेपत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना चढता येत नाही, पण विमानात शिरल्यावर आपल्या जागेपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे जागेपर्यंतही न्यावं लागतं. रॅम्प, स्टेप, केबिन, असं शेवटचं अक्षर लक्षात ठेवायचं. या अक्षरांवरून पुढे किती माणसं येणार, जिना टाळायची काय सोय करणार, विमानात नेणारी अरुंद खुर्ची दारात असणार की नाही, हे सगळं ठरतं.

आईला आर. त्यात काही प्रश्न नव्हता. मी स्वतःसाठी एसवर टिक केली आणि पुढे गेले. मग थांबले. जन्मभर "जमेल मला" म्हणायची सवय, ती इथेही बोटांत उतरली होती. उठले, टेप काढली. कुबड्या टेकून उभी राहिले की मला अडीच फूट जागा लागते. विमानातली मधली वाट जेमतेम दीड-पावणेदोन फूट. तिथे माझी जिद्द कामाची नाही. मागे जाऊन सी केलं. खोटं कशाला सांगू, ते एक अक्षर बदलताना डोळ्यांत पाणी आलं होतं. आई म्हणाली, "कांदा चिरतेयस का?"

माझ्या मैत्रिणीचा मुलगा स्वमग्न आहे. त्याला खुर्ची नको असते, त्याला गर्दीच्या रांगेत पाऊण तास उभं करू नका एवढंच हवं असतं. त्याच्यासाठी डीपीएनए हा कोड आहे. दृष्टिहीन आणि कर्णबधिर प्रवाशांसाठीही वेगळे कोड आहेत. फोनवर "स्पेशल चाइल्ड है" म्हणण्यापेक्षा कोड सांगितलेला बरा, समोरचा तो थेट यंत्रात टाकतो.

६ फेब्रुवारीला पुण्याची दोन विमानं दिसत होती. एक लहान, पंख्यांचं एटीआर, एक मोठं एअरबस. एटीआरमध्ये चढायला एरोब्रिज, म्हणजे इमारतीतून थेट विमानाच्या दारात नेणारा पूल, नसतो, खाली उतरून जिना नाहीतर रॅम्प. म्हणून माणशी नऊशे रुपये जास्त देऊन एअरबस घेतलं. दोघींचे जायचे ११,२६०, यायचे १०,४८०. मदतीचे वेगळे पैसे नाहीत आणि ते मागताही येत नाहीत. दरवाजापासून विमानापर्यंत आणि उतरल्यावर विमानापासून बाहेरच्या दारापर्यंत न्यायची जबाबदारी कंपनीची, विनामूल्य. हे डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमांत आहे, सेक्शन ३, सीरिज एम, पार्ट १. नाव असं की वाचायची इच्छाच मरावी, पण कागद थोडकाच आहे. मी छापून घेतला आणि पतसंस्थेत जेवणाच्या सुट्टीत वाचला. त्यात आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे: काय मदत हवी ते किमान ४८ तास आधी कळवायचं.

तो कागद दोनच दिवसांत उपयोगी पडला. १५ जानेवारीला कंपनीची मेल आली: प्रवासास योग्य असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र पाठवा.

आमचे कॉलनीतले डॉक्टर तीनशे रुपयांत देतात. आई म्हणाली, "देऊन टाक गं, तीनशेच तर आहेत." तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. भांडणात ताकद जाते आणि माझ्याकडे ती मोजून आहे. पण मी आजारी नाही. माझे पाय दीड वर्षाच्या वयापासून जसे आहेत तसेच आहेत. ज्यांना फक्त चढता-उतरताना मदत हवी आहे त्यांच्याकडून वैद्यकीय प्रमाणपत्र किंवा खास अर्ज मागू नये, असं त्या कागदात साफ लिहिलंय. ऑक्सिजन लागणार असेल, नुकतंच मोठं ऑपरेशन झालं असेल, स्ट्रेचर असेल, संसर्गाचा आजार असेल तर गोष्ट वेगळी, तिथे प्रमाणपत्र मागणं रास्तच आहे. मी ते वाक्य जसंच्या तसं मेलमध्ये टाकलं, खाली नम्रपणे विचारलं की माझ्या बाबतीत कोणत्या कारणाने हवंय ते लेखी कळवा. पाच दिवस काही नाही. २१ तारखेला दोन ओळी आल्या: आपल्याला प्रमाणपत्राची आवश्यकता नाही.

हे नियम आभाळातून पडलेले नाहीत. मे २०२२ मध्ये रांचीला एका दिव्यांग मुलाला विमानात बसू दिलं नव्हतं. कंपनीला पाच लाखांचा दंड झाला आणि त्याच जुलैत नियमात सुधारणा झाली: अपंगत्वाच्या कारणाने कुणालाही नाकारायचं नाही, प्रवासात तब्येत बिघडेल असं वाटलं तर विमानतळावर डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासायचं, आणि तरीही नाकारलं तर कारण ताबडतोब लेखी द्यायचं. त्याच्याही आधी कोलकात्याच्या जीजा घोष यांना २०१२ साली बसलेल्या जागेवरून उठवून विमानातून उतरवलं होतं. त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि २०१६ मध्ये न्यायालयाने दहा लाखांची भरपाई द्यायला लावली. मला त्या रात्री मेल लिहिताना ही बाई आठवत होती. तिने चार वर्षं काढली, मी पाच दिवस काढायला काय हरकत आहे.

यानंतर बॅटरी. यात माझे केस पिकले.

खुर्चीची बॅटरी लिथियमची, काढता येणारी. अशी बॅटरी काढून, टोकं झाकून, हातातल्या सामानातून न्यायची आणि खुर्ची खाली मालाच्या कप्प्यात, असा जगभरचा नियम. एकच बॅटरी असेल तर मर्यादा ३०० वॅट-तास, दोन लागणाऱ्या खुर्चीला प्रत्येकी १६०. वॅट-तास काढायला व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करायचा. माझी २४ व्होल्ट, १२ अँपिअर-तास, म्हणजे २८८. थोडक्यात वाचले. ज्यांना अजून खुर्ची घ्यायची आहे त्यांनी दुकानातच हा गुणाकार करा. दुकानदार "एक बार चार्ज में पच्चीस किलोमीटर" सांगून मोठी बॅटरी गळ्यात मारतात आणि ती मग विमानात बसत नाही.

ग्राहकसेवेतली मुलगी मात्र म्हणत होती की शंभरच्या वर चालत नाही. ती पॉवर बँकेचा नियम वाचत होती. तिसऱ्या फोनला कुणीतरी जाणकार भेटला, म्हणाला, लेबलचा फोटो पाठवा, खुर्चीचं वजन आणि मापं पाठवा, आम्ही सुरक्षा विभागाकडून मंजुरी घेतो. लेबल! ते आईने कधीतरी ओल्या फडक्याने पुसून पुसून कोरं केलेलं. "किती कळकट दिसत होतं ते," आई म्हणाली. विक्रेत्याकडून त्याच्या कागदावर क्रमांक, व्होल्ट, अँपिअर-तास लिहून शिक्का मारून घ्यायला तीन दिवस आणि दोन हेलपाटे गेले, रिक्षाचे ३४०. मंजुरीची मेल २९ जानेवारीला आली, त्यात डब्ल्यूसीएलबी हा आणखी एक कोड, म्हणजे लिथियम बॅटरीची खुर्ची. मी तिच्या तीन प्रती काढल्या. तिन्ही लागल्या.

६ फेब्रुवारी, गुरुवार. विमान दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी. सकाळी पोहे अर्धी बशी, चहा अर्धा कप. याचं कारण लिहायला संकोच वाटतो, पण लिहिते, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं: विमानातलं स्वच्छतागृह माझ्यासारखीला जवळजवळ निरुपयोगी आहे. विमानतळावरचं अपंगांसाठीचं स्वच्छतागृह चांगलं मोठं असतं, चढायच्या आधी तिथे जाऊन यायचं, आणि एक पॅड. पाणी अगदी बंद करू नका, मी ते केलं आणि संध्याकाळी डोकं फुटायची वेळ आली.

शेजाऱ्यांची ईको गाडी सहाशे रुपयांत ठरवली होती, कारण तिच्या मागे खुर्ची न वाकवता मावते. बडा गणपती, एरोड्रम रोड, आणि बिजासन टेकडी दिसल्याबरोबर आईने गाडीतूनच हात जोडले. "बिजासन माते, हिची बॅटरी जाऊ दे," असं ती मोठ्याने म्हणाली आणि चालक खूप हसला. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर आम्ही १० वाजून ५० मिनिटांनी पोहोचलो. एवढ्या लवकर कशाला, असं दादा म्हणत होता. त्यातला एक मिनिट वाया गेला नाही.

दारावर तिकीट आणि आधार. दिव्यांगत्वाचं कार्ड शेवटपर्यंत कुणी मागितलं नाही, तरी पर्समध्ये असू द्यावं.

काउंटरवर पहिली अडचण. "मॅडम, आपकी चेअर यहीं दे दीजिए, हमारी में बैठ जाइए." त्यांची खुर्ची म्हणजे लहान चाकांची, मागून ढकलायची. तिच्यात बसलं की मला इंचभर सरकायलाही दुसऱ्याला हाक मारावी लागते. कुणी भिंतीकडे तोंड करून उभी केली तर भिंतच बघायची. मी म्हटलं, माझी खुर्ची विमानाच्या दारापर्यंत राहू द्या, आणि पुण्यात दारातच परत द्या. मुलीने वरिष्ठांना बोलावलं, त्यांनी आणखी कुणाला. बारा मिनिटं. मी मंजुरीची पहिली प्रत दिली, आवाज चढवला नाही. शेवटी खुर्चीला टॅग लागला, त्यावर दाराशी परत द्यायची खूण. तिचं वजन सामानात धरलं नाही.

मी घरून एक पुठ्ठा नेला होता, मोठ्या अक्षरांत हिंदीत लिहिलेला: "यहाँ से उठाएँ. जॉयस्टिक पकड़कर न उठाएँ. धक्का देने से पहले दोनों लाल खटके नीचे करें." तो पाठीला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधला. भाच्याने फोनवर सुचवलेली ही युक्ती, त्याला लग्नात दोन लाडू जास्त दिले.

तिकडे आईचं नाटक सुरू होतं. तिच्यासाठी खुर्ची घेऊन एक पोरगा आला, तर ही बसेना. "लोक काय म्हणतील, पायांवर उभी आहे मी." मी वळून बघते तो बसली होती, पदर सावरून, आणि मला ओरडून सांगत होती, "अगं, हा बुऱ्हाणपूरचा आहे, घरी मराठी बोलतात!" पुढचा अर्धा तास तिने त्याच्या घरची सगळी माहिती काढली. काम संपल्यावर त्याच्या हातात शंभराची नोट द्यायला गेली. त्याने घेतली नाही, मग तिने तिळाच्या वड्या दिल्या.

सुरक्षा तपासणीची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. कॅलिपर म्हणजे लोखंड आणि चामडं, यंत्र किंचाळणारच. कुबड्या पट्ट्यावरून गेल्या. मला महिला जवानांनी पडद्याआड नेलं. तरुण मुलगी होती, तिने असं काही पाहिलेलं नव्हतं. "ये निकलता है?" मी म्हटलं, निघतं, पण काढायला आणि पुन्हा चढवायला पाऊण तास लागतो, आणि काढायला लावू नये असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या डिसेंबरात सांगितलंय. तिने वरिष्ठ बाईंना बोलावलं. त्यांनी कॅलिपरवरून कापडाची पट्टी फिरवली, ती स्फोटकांचा अंश शोधणाऱ्या यंत्रात घातली, खुर्चीच्या हातांवरून, चाकांवरून तसंच केलं. सलवारीवरून हात फिरवण्याआधी दर वेळी विचारलं. पंधरा मिनिटं. माझी धास्ती वाया गेली याचा मला आनंदच आहे. कॅलिपरच्या दिवशी साडी नेसू नका एवढं सांगते, सैल सलवार किंवा बाजूला चेन असलेली पँट बरी.

बॅटरीपाशी मात्र ट्रे थांबला. साहेब आले, दुसरी प्रत त्यांनी नीट वाचली, टोकांवरची चिकटपट्टी बघितली, आणि म्हणाले, "पढ़ी-लिखी तैयारी है आपकी." इतक्या वर्षांत कौतुक झालं ते चिकटपट्टीचं.

विमानात आम्हाला सगळ्यांच्या आधी नेलं. दारात खुर्ची सोडायची वेळ आली. बॅटरी काढली, खटके पाडले, आणि ती दोन माणसांच्या हाती उतारावरून निघाली. मी मान वळवून तिला कोपऱ्यापर्यंत बघत होते. आईही बघत होती, काही बोलली नाही.

"मैडम, हम उठा लेते हैं, दो मिनट का काम है." दोन धट्टीकट्टी मुलं, मनात काही वाईट नाही. लहानपणापासून मला किती जणांनी उचललंय त्याचा हिशेब नाही: काका, मास्तर, रिक्षावाले, मंदिरातले अनोळखी भाविक. विचारून फार थोड्यांनी. माणसाच्या संमतीशिवाय त्याला असं उचलणं अमानुष आहे, हेही न्यायालयाने त्याच निकालात म्हटलंय. मी त्यांना कायदा सांगितला नाही. म्हटलं, "मुझे नहीं, उस कुर्सी को पकड़ो. हिलने मत देना." विमानातली ती अरुंद खुर्ची आली, तिला पट्टे होते. मी माझ्या हातांनी तिच्यावर सरकले. तिने मला सहाव्या रांगेपर्यंत नेलं. तिथे सीटचा वाटेकडचा हात आडवा आला, तो उचलला जाईना. हवाई सुंदरीने त्याच्या खाली, मागच्या बाजूला बोट घातलं, खट्ट झालं आणि हात वर गेला. तिथे एक लपलेलं बटण असतं. तुमच्या विमानात कुणाला माहीत नसेल तर तुम्ही सांगा.

जागा खिडकीची मिळाली, कारण संकटात बाहेर पडताना इतरांची वाट अडू नये. संकटकालीन दाराच्या रांगेत तर आपल्याला बसवतच नाहीत. बसल्यावर कॅलिपरचे गुडघ्यावरचे खटके सोडले, पाय दुमडले, बॅटरीची पिशवी समोरच्या सीटखाली ढकलली, आणि इतर प्रवासी यायच्या आत रुमालाने तोंड पुसून घेतलं.

उड्डाणाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. सव्वा तासाच्या आसपासचा प्रवास. खाली एक रुपेरी पट्टा दिसला, आईने "नर्मदे हर" केलं, आणि माझा हात सोडला नाही.

पुण्यात सगळे उतरले. आपल्याला शेवटी उतरवतात, हे धरून चाला, बाहेर वाट बघणाऱ्यांनाही सांगून ठेवा. दारात अरुंद खुर्ची होती. माझी नव्हती.

"मैडम, वो बेल्ट पर चली गई." टॅग दाखवला. त्यांनी वॉकीटॉकीवर विचारलं. पुन्हा विचारलं. मी म्हटलं, आणून द्या, मी थांबते. दहा मिनिटं थांबले. झाडणारे आले, पुढच्या फेरीचे कर्मचारी आले, सगळे माझ्याकडे बघेनात, म्हणजे मुद्दाम बघेनात. अखेर मीच म्हटलं, चला. हे मी बदलून लिहिणार नाही. लढून जिंकले असं लिहायला आवडलं असतं, पण आईला भूक लागली होती आणि तिचा चेहरा उतरला होता. कंपनीच्या ढकलखुर्चीत बसून, हात मांडीवर ठेवून, पुण्याच्या नव्या इमारतीच्या मोठ्या लिफ्टमधून मी सामान घ्यायला गेले.

खुर्ची पट्ट्याशेजारी आडवी पडली होती. पुठ्ठा जागेवर. डावा फूटरेस्ट आत वाकलेला.

दादा बाहेर उभा, फोनवर फोन. तरी तिथून हललो नाही, हे एक शहाणपण केलं. टॅगसकट सहा फोटो, आणि कंपनीच्या काउंटरवर नुकसानीचा अहवाल भरून त्याची प्रत घेतली. पंचवीस मिनिटं गेली. एकदा विमानतळाबाहेर पडलं की ते आधीच मोडलेलं होतं म्हणायला ते मोकळे. सामानाच्या नुकसानीची तक्रार सात दिवसांत लेखी जायला लागते, म्हणून दुसऱ्याच दिवशी मेल केली.

लग्न छान झालं. फूटरेस्ट वहिनीने रुखवताच्या लाल रिबिनीने बांधून दिला, आणि फोटोंत माझा एक पाय सणासुदीचा दिसतो.

परतीचं विमान १३ तारखेला. ११ ला सकाळी मी सहज म्हणून फोन केला, दोघींची मदत नोंदवलेली आहे ना. आईचं आर होतं. माझंही आर होतं! जातानाचं सी, येतानाचं आपोआप आर. आणि बॅटरीचा कोड परतीवर नव्हताच. प्रत्येक फेरीसाठी वेगळी नोंद असते हे मला माहीत नव्हतं. अठ्ठेचाळीस तास संपायला थोडाच वेळ होता. संध्याकाळपर्यंत सुधारून मेल आली, तीही छापली.

या वेळी मी खुर्ची न्यायला आलेल्या माणसालाच थांबवलं, पुठ्ठा वाचून दाखवला, टॅगवर बोट ठेवलं, आणि विमानातल्या मुख्य कर्मचारी बाईंना सांगितलं की इंदूरला कळवा, खुर्ची दारात हवी. त्यांनी हो म्हटलं, एवढंच. इंदूरला उतरलो. माणसं गेली. आई म्हणाली, "बघू नकोस तिकडे, नजर लागेल." नऊ मिनिटांनी एरोब्रिजच्या कोपऱ्यावरून लाल रिबीन दिसली.

तक्रारीचं सांगून टाकते. दोन आठवड्यांत कंपनीचं उत्तर नाही, म्हणून २१ फेब्रुवारीला सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर टाकली, अहवालाची प्रत आणि फोटो जोडून. २७ ला दिलगिरीची मेल आली. नव्या फूटरेस्टची किंमत २,१०० आहे, असं विक्रेत्याचं पत्रक पाठवलं. त्यांनी १,५०० देऊ केले. मी एकदा नाही म्हटलं, दुसऱ्यांदा हो म्हटलं. १८ मार्चला खात्यात जमा झाले.

नवा फूटरेस्ट अजून आणलेला नाही. सियागंजजवळच्या एका मिस्त्रीने जुनाच अडीचशे रुपयांत ठोकून सरळ केला. "भिया, लोहा अच्छा है," तो खुर्चीला म्हणाला, मला नाही. खुर्ची चालते व्यवस्थित, डावीकडे किंचित ओढते. आई म्हणते, तुझ्या बाबांची लूनाही अशीच ओढायची.